बारा धोंडे आणि बोटीवरचा फोटो

समुद्रापासून आपला बुलढाणा जिल्हा फार दूर आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आणि तिच्या पायथ्याशी वसलेल्या या मुलखात पैनगंगा उगम पावते, पूर्णा वाहते, लोणारचे खारे सरोवर जगभरच्या अभ्यासकांना ओढून आणते. पण येथे बंदर नाही, धक्का नाही, भरती-ओहोटी नाही. तरीही गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामांतील काही घरांच्या भिंतींवर एक नव्या प्रकारचे छायाचित्र दिसू लागले आहे. जाड पुठ्ठ्याची चौकट, तिच्यावर झळकणारे बोटीचे नाव, मागे रुंद जिना किंवा निळे पाणी आणि पुढे ठेवणीतले कपडे घालून उभे राहिलेले कुटुंब: आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे. पुण्या-मुंबईला नोकरीस लागलेल्या मुलाने आईवडिलांना मुंबई-गोवा अशी बोटीची सहल घडवली, त्या सहलीची ही खूण. २०२१ सालच्या सप्टेंबर महिन्यात ‘कॉर्डेलिया’ कंपनीची ‘एम्प्रेस’ ही पर्यटकांची मोठी बोट मुंबईहून फेऱ्या करू लागली आणि एरवी परदेशी चित्रपटांतच पाहिलेला हा प्रवास मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात आला.

घरभेटीच्या वेळी या फोटोविषयी बोलणे निघते तेव्हा दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. पहिली म्हणजे एका फोटोसाठी मोजावी लागलेली किंमत. आपल्या तालुक्याच्या गावी स्टुडिओत जेवढ्यात फोटो निघतो, त्याच्या कितीतरी पट पैसे पडले, असे घरातील वडीलमंडळी थोड्या तक्रारीच्या सुरात सांगतात. दुसरी गोष्ट म्हणजे, एवढे सांगून झाल्यावर तीच मंडळी उठतात, फोटो भिंतीवरून काढतात, पदराने किंवा उपरण्याने त्याची काच पुसतात आणि मोठ्या अभिमानाने पाहुण्याच्या हाती देतात. प्रत्येकाच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन आहे, त्याच सहलीत त्या फोनने शेकडो छायाचित्रे काढलेली आहेत. मग हा एक फोटो विकत का घेतला? हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. त्याचे उत्तर शोधू गेल्यास आपल्याला बोटीवरून थेट पवित्र शास्त्रापर्यंत मागे जावे लागते.

यात्रेकरूंच्या खुणा

पाणी ओलांडून गेल्याची खूण जपून ठेवण्याची एक जुनी हकीकत यहोशवाच्या पुस्तकात आहे. इस्राएल लोक यार्देन नदी पार करून वचनदत्त देशात आले, तेव्हा बारा वंशांतील बारा माणसांनी नदीच्या पात्रातून एकेक धोंडा खांद्यावर उचलून आणला आणि ते धोंडे गिलगाल येथे उभे करण्यात आले. त्यामागचा हेतू शास्त्रात स्पष्ट केलेला आहे. पुढे मुले आपल्या वडिलांना विचारतील की हे धोंडे कसले, तेव्हा वडिलांनी त्यांना त्या प्रवासाची कथा सांगायची. धोंड्याला स्वतःचे मोल नव्हते. तो मुलाच्या प्रश्नाचे निमित्त होता. ही गोष्ट मनात ठेवून पुढचा इतिहास पाहावा.

ख्रिस्ती यात्रेकरू पवित्र भूमीला जाऊ लागले तेव्हा तेही रिकाम्या हातांनी परतले नाहीत. सहाव्या शतकात जेरुसलेमहून येणारे यात्रेकरू शिसे-कथलाच्या छोट्या कुप्या बरोबर आणीत. त्यांत पवित्र स्थळांच्या दिव्यांतील तेल असे आणि कुपीवर प्रभूच्या क्रूसाचे व रिकाम्या कबरेचे चित्र उठवलेले असे. अशा कुप्या इटलीतील मोंझा येथील मंदिराच्या खजिन्यात आजही जपलेल्या आहेत. स्पेनमधील सांतियागोला संत याकोबाच्या कबरेच्या दर्शनाला जाणारे समुद्रातील शिंपला घेऊन येत आणि तो टोपीवर किंवा झोळीवर लावीत. बाराव्या शतकातच तेथील मंदिरापुढच्या चौकात शिंपले विकणाऱ्यांचे ठेले होते. म्हणजे प्रवासाची खूण विकत घेणे ही आजच्या व्यापारी जगाची निर्मिती नव्हे. ती रीत श्रद्धेच्या दारातच वाढली.

यापुढची गोष्ट अधिक नवलाची आहे. जर्मनीतील आखेन येथे पवित्र मरियेचे वस्त्र आणि इतर पवित्र अवशेष दर सात वर्षांनी यात्रेकरूंना दाखवले जात. गर्दी इतकी लोटे की अवशेषांजवळ पोहोचणे अशक्य होई. मग यात्रेकरू लहानसे आरसे विकत घेऊन गर्दीच्या डोक्यांवरून उंच धरीत. अवशेषांतून निघणारा कृपेचा किरण आरशात पकडला जातो आणि तो आपल्याबरोबर घरी येतो, अशी त्यांची भाबडी समजूत होती. १४३८ च्या सुमारास स्ट्रासबुर्ग शहरात काही भागीदारांनी मिळून असे आरसे मोठ्या संख्येने तयार करण्याचा धंदा मांडला. यात्रा १४३९ साली भरणार असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती १४४० साली भरली आणि त्यांचे पैसे अडकून पडले. एक भागीदार मरण पावला, त्याच्या भावांनी कोर्टात दावा लावला आणि त्या दाव्याच्या कागदपत्रांमुळेच ही हकीकत आपल्याला कळते. या धंद्याचा सूत्रधार होता योहान गुटेनबर्ग. पुढे ज्याने मुद्रणकलेने जग बदलले आणि पवित्र शास्त्र छापले, तोच हा माणूस. आज एखाद्या मिरवणुकीत हजारो हात फोन उंच धरतात तेव्हा आखेनच्या त्या आरशांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. फरक इतकाच की त्या आरशात काहीच उमटून राहत नसे. दिसलेले टिकवून धरणारा आरसा मिळण्यासाठी माणसाला आणखी चारशे वर्षे थांबावे लागले.

पहिली सहल, पहिला छायाचित्रकार

तो आरसा १८३९ साली मिळाला. पॅरिसमध्ये दागेर याने शोधलेल्या छायाचित्रणाच्या पद्धतीची त्या वर्षी घोषणा झाली. १८५४ साली दिस्देरी या फ्रेंच माणसाने भेटपत्राच्या आकाराची छोटी छायाचित्रे काढण्याच्या पद्धतीचा हक्क नोंदवला. एकाच काचेवर अनेक प्रतिमा घेता येऊ लागल्याने फोटो स्वस्त झाला आणि तो देण्याघेण्याची, जमवण्याची व अल्बमात लावण्याची वस्तू बनला. नेमक्या याच काळात वाफेच्या बोटींनी प्रवासाचे स्वरूप पालटले. शिडाच्या जहाजातून माणसे केवळ गरजेपोटी जात. आगबोटीतून ती हौसेनेही जाऊ लागली.

१८६७ सालच्या जून महिन्यात न्यूयॉर्कहून ‘क्वेकर सिटी’ नावाची आगबोट निघाली. युरोपची बंदरे पाहत पवित्र भूमीपर्यंत जायचे आणि परत यायचे, अशी ही जवळपास पाच महिन्यांची आखीव सहल होती. अमेरिकेतील अशा संघटित समुद्रसहलींची सुरुवात बहुधा याच सहलीपासून मानली जाते. तिची कल्पना ब्रुकलिनच्या एका प्रॉटेस्टंट चर्चच्या मंडळींत निघाली होती, आणि प्रवाशांत मार्क ट्वेन हा तरुण पत्रकारही होता. या प्रवासावर त्याने १८६९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाने तो जगप्रसिद्ध झाला. स्मारकांचे टवके हातोडीने फोडून खिशात घालणाऱ्या सहप्रवाशांची त्याने त्यात यथेच्छ टर उडवली आहे. याच बोटीवर ब्रुकलिनचा विल्यम जेम्स नावाचा छायाचित्रकार आपले सामान घेऊन चढला होता. वाटेतील स्थळांची जोडचित्रे त्याने घेतली. दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिल्यावर ती उठावदार दिसत. म्हणजे समुद्रसहल आणि तिची छायाचित्रे यांची जोडी सहलीच्या जन्मापासूनच जमलेली आहे, आणि त्या पहिल्या सहलीचे एक प्रमुख ठिकाण प्रभूची भूमी होते, हे आपण लक्षात घेण्यासारखे आहे.

त्याच १८६७ साली बैरूत येथे बोंफिस या फ्रेंच दांपत्याने स्टुडिओ थाटला. जेरुसलेम, बेथलेहेम, नासरेथ येथील स्थळांची हजारो छायाचित्रे तेथून प्रवाशांना विकली गेली. आपल्या आजी-पणजीच्या काळी प्रार्थनापुस्तकांत जी पवित्र भूमीची धूसर चित्रे असत, तशी चित्रे घराघरांत पोहोचवण्यास अशाच स्टुडिओंनी आरंभ केला. मात्र या फोटोंत विकत घेणारा स्वतः नव्हता. त्यात स्थळ होते. ते पाहणारा चौकटीबाहेर होता. एकोणिसावे शतक संपत आले तेव्हा इजिप्तमध्ये पिरॅमिडसमोर उंटांवर बसलेल्या प्रवाशांचे फोटो निघू लागले, आणि येथे खुणेचा अर्थ बदलला. ‘हे स्थळ असे आहे’ असे सांगणारे चित्र आता ‘आम्ही तेथे होतो’ असे सांगू लागले.

आपल्या मुलखात

छायाचित्रण आपल्याकडे फारसे उशिरा आले नाही. १८५४ सालीच मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः कुशल छायाचित्रकार होते. आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरच मेजर रॉबर्ट गिल हा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ सालापासून राहत होता. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळून गेल्या. तोपर्यंत त्याने कॅमेराही हाती घेतला होता. आपल्या लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची छायाचित्रे त्याने त्याच दशकात काढली. १८७९ साली तो मरण पावला. त्याची कबर भुसावळला आहे.

त्या काळच्या अशा छायाचित्रांत मंदिराची उंची कळावी म्हणून खांबाशेजारी एखाद्या स्थानिक माणसाला उभे करण्याची पद्धत होती. त्या माणसाचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. खांबाचे वर्णन मिळते, कोरीव कामाचा काळ मिळतो, पण खांबाजवळचा माणूस केवळ मोजपट्टी म्हणून उरला. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने भारतातील जातीजमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांतही बहुतेकांच्या चेहऱ्याखाली जातीचे नाव आहे, माणसाचे नाही. हे फोटो साहेबांनी घेतले, साहेबांनी छापले आणि साहेबांनीच पाहिले. ज्यांचा चेहरा त्यात होता, त्यांच्या घरी त्याची प्रत कधी पोहोचली नसणार.

ज्या १८६७ साली ‘क्वेकर सिटी’ न्यूयॉर्कहून निघाली, त्याच साली मलकापूर, नांदुरा, शेगाव या वाटेने नागपूरपर्यंत रेल्वे सुरू झाली. १८७० साली जलंबहून खामगावला फाटा निघाला. कापसाच्या गाठी मुंबईला जाऊ लागल्या आणि मुंबईच्या वस्तू येऊ लागल्या. छायाचित्रकारही याच वाटांनी गावोगाव पसरले असावेत. पण सामान्य माणसाचा फोटो निघाला तो मुख्यतः जत्रेत. कापडी तंबू, आत मागे टांगलेला रंगीत पडदा, त्यावर ताजमहाल, बाग, धबधबा किंवा आगबोट. पुढे लाकडी फळीचे विमान किंवा मोटार; तिच्या खिडकीतून डोके बाहेर काढायचे आणि श्वास रोखून समोर पाहायचे. ज्याने आयुष्यात समुद्र पाहिला नाही, असा शेतमजूर आपल्या बायकामुलांसह रंगवलेल्या आगबोटीपुढे उभा राही.

सुशिक्षित लोक या फोटोंना हसतात. माझ्या मते हसण्यापूर्वी थोडे थांबावे. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आलेली आहेत. ज्यांच्या आजोबांना गावच्या चौकात ताठ मानेने उभे राहण्याची मुभा नव्हती, ते जत्रेतल्या त्या पडद्यापुढे ताठ उभे राहिले, स्वतःच्या कमाईचे पैसे मोजले आणि स्वतःचा चेहरा स्वतःच्या घरी घेऊन गेले. सरकारी खंडांतील निनावी चेहरा आणि जत्रेतला हा चेहरा यांच्यामध्ये एक फार मोठे अंतर आहे. पहिल्यात माणूस दुसऱ्याच्या संग्रहातील वस्तू आहे; दुसऱ्यात तो गिऱ्हाईक आहे, मालक आहे आणि कुटुंबप्रमुख आहे. विकतच्या फोटोची प्रतिष्ठा येथून सुरू होते.

मुंबईला जाणाऱ्यांसाठी हाच पडदा पुढे खऱ्या दृश्याचा झाला. १९२४ साली खुल्या झालेल्या गेटवे ऑफ इंडियाच्या प्रांगणात गळ्यात कॅमेरा अडकवून, हातात नमुन्यांचा अल्बम घेऊन फिरणारे छायाचित्रकार आपण सर्वांनी पाहिले आहेत. पूर्वी ते फोटो धुऊन टपालाने घरी पाठवीत. आता जवळच्या लहानशा यंत्रातून तो काही मिनिटांत छापून देतात. घारापुरीच्या लाँचमध्ये चढण्याआधी काढलेला असा फोटो आपल्याकडील कितीतरी घरांत आहे. कोकणातल्या व गोव्याच्या लोकांना भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटी परिचित होत्या. त्या बंद पडल्या आणि १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाल्यावर समुद्रमार्गाने गोव्याला जाण्याची गरजही उरली नाही. संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाला त्या काळी बोटीने गेलेल्या वृद्धांनी मला प्रवासाच्या गोष्टी सांगितल्या. फोटो मात्र क्वचितच दाखवले. तेव्हा बोट हे गरजेचे वाहन होते. आज ती हौसेची वस्तू झाली आणि तिच्याबरोबर फोटोही आला.

बोटीवरची दुकानदारी

मोठ्या पर्यटक बोटींवर छायाचित्रांचा व्यवहार कसा चालतो हे समजून घेणे उपयोगाचे आहे. प्रवासी बोटीत चढतो तेव्हा जिन्याशीच पहिला फोटो निघतो. मग जेवणाच्या मेजाशी, बंदरावर उतरताना आणि सायंकाळी ठेवणीतले कपडे घातल्यावर रंगीत पडद्यापुढे फोटो निघत राहतात. जत्रेतला पडदा येथेही सुटलेला नाही, हे पाहून गंमत वाटते. खरा समुद्र चार पावलांवर असताना माणसे समुद्राच्या चित्रापुढे उभी राहतात! काढताना पैसे मागत नाहीत. पूर्वी रात्रभर बोटीवरच्या खोलीत फिल्म धुऊन सगळे फोटो कागदावर छापीत आणि दुसऱ्या दिवशी लांबच लांब फळ्यांवर लावीत. प्रवासी त्या शेकडो चेहऱ्यांतून आपला चेहरा शोधीत फिरे. जे विकले जात नसत, ते सफरीच्या अखेरीस टाकून दिले जात. आता अनेक बोटींवर यंत्रच चेहरा ओळखून प्रत्येक कुटुंबाचे फोटो वेगळे काढून ठेवते. परदेशी बोटींवर एका मोठ्या प्रतीला वीस-पंचवीस डॉलरही मोजावे लागतात.

हा व्यवहार माणसाच्या मनाची पुरेपूर जाण ठेवून रचलेला आहे. आधी फोटो काढायचा, मग तो समोर लावायचा. आपल्या आईचा हसरा चेहरा फळीवर टांगलेला असताना तो तसाच सोडून जाणे कोणाला जमेल? म्हणून सहलीला निघण्यापूर्वीच घरात ठरवावे की फोटो एकच घ्यायचा आणि तो सर्वांचा मिळून घ्यायचा. हप्त्यांवर सहल, त्यावर हप्त्यांवर मोबाइल आणि शिवाय फोटोंचा मोठा संच असा खर्च काही घरांत होऊ लागला आहे. शेजाऱ्याच्या भिंतीवर बोटीचा फोटो आहे म्हणून आपल्याही भिंतीवर तो हवा, ही वृत्ती सुखाच्या खुणेला कर्जाची खूण बनवते. ज्या जिल्ह्यात एका नापिकीने शेतकऱ्याचे घर कोलमडते, तेथे हे स्पष्ट सांगणे धर्मगुरूचे कर्तव्य आहे.

आणखी एक गोष्ट या फोटोत दिसत नाही. कॅमेऱ्यामागचा तरुण सहा-आठ महिन्यांच्या करारावर घरापासून दूर असतो. मेजाशी वाढणारा, खोली आवरणारा, इंजिनघरात खपणारा यांचीही तीच गत. गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात, त्या आपल्या कॅथलिक बांधवांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर आचारी आणि वाढपी म्हणून राबल्या. त्यांच्या कुटुंबांत फोटोचा प्रवास उलट दिशेने होई: मुलांचा फोटो बापाच्या पेटीत बोटीवर जाई. ख्रिस्तसभेने १९२० सालापासून खलाशांसाठी स्वतंत्र सेवाकार्य चालवले आहे आणि जुलै महिन्यातील दुसरा रविवार पुष्कळ ठिकाणी त्यांच्यासाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला जातो. बोटीच्या सहलीहून परतलेल्या कुटुंबाने त्या रविवारी त्यांची आठवण करावी.

फोटोमागची कोरी बाजू

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फोन असताना हा फोटो का घेतला? माझ्या मते याची दोन कारणे आहेत. फोनच्या फोटोत नेहमी एक जण कमी असतो, तो म्हणजे फोटो काढणारा. विकतच्या फोटोत कुटुंब पूर्ण असते. दुसरे कारण असे की फोनमधील हजार चित्रे कोणी पाहत नाही आणि फोन बिघडला की ती एका क्षणात जातात; भिंतीवरचा कागद मात्र घरातल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर राहतो.

या कागदाचे खरे मोल मात्र पुष्कळदा फार उशिरा आणि दुःखाच्या वेळी कळते. घरातील वृद्ध देवाघरी गेले की अंत्यविधीसाठी, महिन्याच्या मिस्सासाठी एक चांगला फोटो हवा असतो. घर धुंडाळले जाते. लग्नातील फोटो चाळीस वर्षांपूर्वीचा असतो, ओळखपत्रावरचा ओळखू येत नाही. मग सहलीचा फोटो खाली काढला जातो. स्टुडिओवाला त्यातून आजीचा चेहरा कापून घेतो, मागची बोट पुसतो, समुद्र पुसतो, खांद्यावरचा नातवाचा हात पुसतो आणि निळसर पार्श्वभूमीवर तो चेहरा मोठा करून देतो. शवपेटीशेजारी ठेवलेल्या अशा फोटोतील हसू कोणत्या दिवसाचे आहे, हे जवळच्यांनाच ठाऊक असते. ज्या खर्चाची आजीने तक्रार केली, तोच तिच्या मुलांच्या हाती उरलेला ठेवा ठरतो. ७८७ सालच्या निकेया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने पवित्र प्रतिमांविषयी शिकवले की प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीपर्यंत पोहोचतो. घरातील फोटो ही काही पूजेची प्रतिमा नव्हे. तरी चेहऱ्याकडे पाहून माणसाचे स्मरण करणे आणि त्याच्यासाठी प्रार्थना करणे हे त्या शिकवणुकीला धरूनच आहे.

परंतु चेहरा टिकला आणि नाव हरवले, तर काय उरते? १८८५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तीन विद्यार्थिनींचा एक फोटो निघाला. त्यांपैकी एक होती आपली आनंदीबाई जोशी. १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने ती अमेरिकेला गेली होती. १८८७ साली पुण्यात अवघ्या एकविसाव्या वर्षी ती निवर्तली. शेजारी जपानची केई ओकामी आणि दमास्कसची सबात इस्लामबूली. तीन देशांच्या या तीन मुली शंभराहून अधिक वर्षांनंतरही आपल्याला नावानिशी माहीत आहेत, कारण त्या फोटोखाली त्यांची नावे आणि गावे लिहिलेली आहेत. लोणारच्या खांबाशी उभा केलेला माणूस आणि आनंदीबाई यांच्या फोटोंत कॅमेऱ्याचा फरक फारसा नाही. फरक त्या एका ओळीचा आहे.

आपल्या घरांतील फोटोंच्या मागे ही ओळ नाही. जत्रेतल्या पडद्यापुढे उभ्या असलेल्या पाच जणांपैकी तिघांची नावे आज घरात कोणाला सांगता येत नाहीत, असे मी वारंवार पाहतो. ज्यांना ती ठाऊक आहेत, ती माणसे ऐंशीच्या घरात आहेत. बोटीचा फोटो आज ताजा आहे म्हणून सर्वांना सर्व ठाऊक आहे. पन्नास वर्षांनी त्याचीही गत जत्रेतल्या फोटोसारखीच होईल.

म्हणून काही साध्या सूचना कराव्याशा वाटतात. जुना कृष्णधवल फोटो असेल तर मागे मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता कडेला लिहावे. गुळगुळीत रंगीत फोटोवर पेन्सिल उमटत नाही. तेथे वेगळ्या कागदावर लिहून तो कागद फोटोमागे ठेवावा. नाव, नाते, गाव, साल आणि प्रसंग एवढे पुरे. फोटो काचेला थेट चिकटू देऊ नये, ओल धरली की तो काचेवरच बसतो. मध्ये पुठ्ठ्याची चौकट असावी. चिकट पानांच्या अल्बमांतील फोटो शक्यतो काढून घ्यावेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील रंगीत फोटो लालसर पडत चालले आहेत. त्यांची नवी प्रत आताच करून घ्यावी. आणि फोनमधील हजार चित्रांतून वर्षाकाठी निदान बारा निवडून कागदावर छापून घ्यावीत. यार्देनेतूनही धोंडे बाराच उचलले होते; सगळे पात्र कोणी उचलून आणले नव्हते.

नोव्हेंबर महिना आपण परलोकवासी श्रद्धावंतांच्या स्मरणासाठी देतो. त्या महिन्यातील एका रविवारी, मिस्साहून आल्यावर, भिंतीवरचे आणि पेटीतले सगळे फोटो चटईवर मांडावेत. घरातील सर्वांत वृद्ध माणसाला मधोमध बसवावे आणि सर्वांत लहान मुलाला विचारू द्यावे: हे कोण? ही बोट कोणती? आजोबा एवढे का हसत आहेत? सुवाच्य अक्षर असलेल्या मुलीने उत्तरे लिहून घ्यावीत. ज्या चेहऱ्याचे नाव सापडेल, त्याच्यासाठी त्याच बैठकीत एकदा प्रार्थना म्हणावी. ज्याचे सापडणार नाही, त्याच्यासाठीही म्हणावी.